बटाविया : त्या बेटावर माणसं भुकेनं मारली नाहीत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बटाविया जहाजावरचा लेख वाचला. लेख चांगला होता, फोटो पण झकास, आमच्या नातवानं तर फोटो कापून वहीत चिकटवला. पण शेवटी लेखकानं जे लिहिलंय की पोटात अन्न नसलं की माणसाचं जनावर व्हायला वेळ लागत नाही, ते मला अजिबात पटलं नाही. ऐकायला बरं वाटतं, व्हॉट्सअॅपवर फिरवायला पण बरं आहे, पण बटावियाच्या बाबतीत ते खरं नाही. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, पलूस तालुक्यात विकास सोसायटीचा सचिव म्हणून आयुष्य गेलं, पण ह्या जहाजाचं वेड मला फार जुनं आहे आणि जे मिळेल ते वाचत आलोय, म्हणून हे पत्र. थोडं लांब झालंय, कापायचं तर माझं पुराण कापा, त्या बेटावरचं कापू नका.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. डच ईस्ट इंडिया कंपनीचं हे नवं कोरं जहाज, ऑक्टोबर १६२८ मध्ये हॉलंडमधून पहिल्याच सफरीवर निघालं, जायचं होतं जावा बेटावरच्या बटावियाला म्हणजे आत्ताच्या जकार्ताला. जहाजावर साधारण ३४० माणसं, खलाशी, सैनिक, कंपनीचे कारकून, व्यापारी आणि काही बायका-पोरं सुद्धा. चांदीच्या नाण्यांच्या १२ पेट्या. शिवाय बटावियाच्या किल्ल्याला दरवाजा बांधायचा म्हणून घडवलेले १३७ दगड, तळाशी वजन म्हणून भरलेले.

सगळ्यात वरचा अधिकारी फ्रान्सिस्को पेल्सर्ट. आता हा माणूस आपल्याला परका नाही बरं का. जहांगीर बादशहाच्या काळात हा आग्र्याला कंपनीच्या वखारीत सात वर्षं होता, निळीचा व्यापार बघायचा, आणि तिथल्या गरीब रयतेचे हाल, अमलदारांची लूट यावर त्यानं एक मोठा अहवाल लिहून ठेवलाय जो मुघल काळाचा अभ्यास करणारे आजही वाचतात. म्हणजे दुसऱ्याच्या राज्यात वरचा माणूस खालच्याला कसा पिळतो ते ह्याला बरोबर दिसत होतं, स्वतःच्या जहाजात काय शिजतंय ते मात्र दिसलं नाही. जहाजाचा कॅप्टन आरियन याकोब्झ, ह्याचं आणि पेल्सर्टचं भांडण सुरतेपासूनचं. त्या काळी कंपनीच्या जहाजावर कॅप्टनच्या डोक्यावर व्यापारी बसवायची पद्धत होती, समुद्राचं ज्याला कळतं त्यानं ज्याला कळत नाही त्याचं ऐकायचं. ह्यावरनं खदखद असणारच. आणि तिसरा माणूस येरोनिमस कॉर्नेलिझ, हार्लेम गावचा दिवाळं निघालेला औषधवाला, कंपनीत ज्युनियर व्यापारी म्हणून चिकटला. पेल्सर्टच्या खालोखाल ह्याचाच हुद्दा. हा हुद्दा लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच आहे.

वाटेतच कॅप्टन आणि कॉर्नेलिझ यांचा प्लॅन ठरत होता की जहाज ताब्यात घ्यायचं आणि चाचेगिरी करायची. केप ऑफ गुड होप सोडल्यावर बाकीच्या जहाजांची सोबत सुटली. जहाजावर लुक्रेशिया नावाची एक बाई नवऱ्याकडं निघालेली, तिच्यावर रात्री तोंड झाकून हल्ला झाला, आणि ह्या लोकांचा हिशोब असा की पेल्सर्ट त्याबद्दल खलाशांना शिक्षा करणार, मग खलाशी भडकणार, मग बंड. पेल्सर्ट आजारी, त्यानं लगेच काही केलं नाही, आणि बंड व्हायच्या आधीच जहाज खडकावर चढलं.

४ जून १६२९, पहाटेच्या आधी. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर हाउटमन अब्रोल्होस नावाची बारकी बारकी प्रवाळ बेटं आहेत. पहाऱ्यावरच्या माणसाला पुढं पांढरं काहीतरी दिसलं, कॅप्टन म्हणाला चंद्राचा उजेड पाण्यावर पडलाय. ती लाटांची फेसाळ रांग होती. आता कॅप्टनला शिव्या द्यायच्या तर द्या, पण त्या काळी समुद्रात आपण पूर्वेला किती आलो हे मोजायचं साधनच नव्हतं, उत्तर-दक्षिण बरोबर समजायची, पूर्व-पश्चिम अंदाजपंचे. दक्षिणेकडच्या समुद्रात पश्चिमेकडनं वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यावर पूर्वेला पळत सुटायचं आणि मग अंदाजानं उत्तरेला वळायचं असा तो मार्ग. वळायला उशीर झाला की ऑस्ट्रेलिया समोर.

चाळीसेक माणसं बुडाली, बाकीची बेटांवर उतरवली. बेट म्हणजे काय हो, तुटक्या प्रवाळाचा ढीग, झाड नाही, पाणी नाही. आणि इथं पेल्सर्ट, कॅप्टन आणि जवळजवळ सगळे जाणते खलाशी मिळून ४८ जण मोठी होडी घेऊन पाणी शोधायला म्हणून निघाले, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यानं शोधलं आणि परत न येता तसेच जावाला गेले. मागं भाकरीच्या पिंपाखाली एक चिठ्ठी ठेवली. ज्या बेटावर ती चिठ्ठी ठेवली त्याला मागं राहिलेल्यांनी गद्दारांचं बेट असं नाव दिलं आणि मला विचाराल तर बरोबर दिलं. आता नीट बघा, उघड्या होडीत ४८ माणसं, त्यात दोन बायका आणि एक तान्हं पोर, ३३ दिवस, पाणी मोजून, अन्न मोजून, आणि एकही माणूस दगावला नाही, कुणी कुणाला समुद्रात ढकललं नाही. भुकेनं जनावर व्हायचं असतं तर आधी ती होडी व्हायला पाहिजे होती ना?

बेटावर काय झालं तर पहिल्या काही दिवसांत तहानेनं माणसं मेली, हे खरं. पण मग पाऊस आला. शीड ताणून पाणी धरलं. समुद्री सिंह होते, पक्षी होते, मासे होते, फुटलेल्या जहाजातनं पिंपं वाहून येत होती. सुखात होते असं म्हणत नाही पण जगत होते, आणि पहिल्या महिन्यात त्यांनी एक पंच कमिटी पण नेमलेली, वाटप चालू होतं.

कॉर्नेलिझ ह्या सगळ्यात नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं म्हणून तो सत्तरेक लोकांबरोबर फुटक्या जहाजावरच राहिला, तिथं दारूची पिंपं होती ती फोडून लोक पीत बसलेले. जूनच्या मध्याला जहाज पार मोडलं तेव्हा हा एका लाकडाला धरून वाहत वाहत बेटावर आला. लोकांना आनंद झाला! कारण पेल्सर्ट गेला, कॅप्टन गेला, आता राहिलेल्यांत कंपनीच्या हिशोबानं सगळ्यात वरचा हाच. सुके कपडे दिले, खायला घातलं, आणि कमिटीचा प्रमुख केलं. कुणी विचारलं नाही की हा औषधवाला, ह्याला जहाजाचं कळत नाही, बेटाचं कळत नाही, पोहता येत नाही, ह्याला का करायचं. हुद्दा आहे ना, मग बसवा खुर्चीत. संपादक साहेब, मी सोसायटीत किती चेअरमन बघितले ते सांगत बसत नाही, पण हा प्रकार मला चांगला ओळखीचा आहे.

आता त्यानं काय काय केलं ते क्रमानं बघा, कारण लेखात हे एका ओळीत उरकलंय आणि लगेच कत्तलीवर उडी मारलीय. पहिलं, सगळी हत्यारं एका जागी जमा केली, सुरक्षिततेसाठी म्हणून. दुसरं, होड्या आणि तराफे आपल्या माणसांच्या ताब्यात घेतले. तिसरं, गर्दी फार झाली, पाणी पुरत नाही असं सांगून लोकांना वेगवेगळ्या बेटांवर पाठवलं. त्यात जे सैनिक त्याला जड जातील असं वाटलं त्यांना, वीसेक जणांना, विब हेयस नावाच्या साध्या शिपायाबरोबर लांबच्या मोठ्या बेटावर पाणी शोधायला सोडलं. हत्यार एक दिलं नाही. पाणी सापडलं तर धुराचा सिग्नल करा, आम्ही न्यायला येतो. त्याच्या डोक्यात ते तिथं तहानेनं मरणार होते. हे सगळं होईस्तोवर एकाही माणसाला त्यानं हात लावलेला नाही, आणि प्रत्येक निर्णय ऐकायला कसा शहाणपणाचा वाटतो बघा.

मग जुलैच्या सुरुवातीला एका सैनिकानं दारूचं पिंप फोडून प्यायली आणि दुसऱ्याला पण पाजली. कॉर्नेलिझ म्हणाला दोघांना पण मारा. कमिटी म्हणाली ज्यानं फोडलं त्याचं ठीक आहे पण ज्याला नुसतं पाजलं त्याला कसं मारायचं, जरा थांबू. दुसऱ्या दिवशी त्यानं कमिटीच बरखास्त केली आणि आपल्या मर्जीतली नवीन नेमली. हा दिवस. माझ्या मते बटावियाची खरी शोकांतिका ४ जूनला नाही, ह्या दिवशी झाली. एक कमिटी होती जी नाही म्हणू शकत होती आणि ती शंभर दीडशे लोकांच्या डोळ्यांदेखत काढली, आणि त्या दिवशी कुणी बोललं नाही कारण मरणार होते ते दोघं चोर होते, आपल्याला काय करायचंय.

पुढचं मी जास्त लिहीत नाही, तुमच्या लेखात भरपूर आहे, खरं म्हणजे गरजेपेक्षा जास्त आहे. सुरुवातीला लपूनछपून, दुसऱ्या बेटावर मदतीला नेतो म्हणून तराफ्यावर न्यायचं आणि बुडवायचं. मग उघड. मग रात्री तंबूत आजारी माणसं. दोन महिन्यांत शंभराहून जास्त माणसं मारली, त्यात बायका-पोरं पण. एक धर्मोपदेशक होता, त्याला आणि त्याच्या मोठ्या मुलीला कॉर्नेलिझनं जेवायला बोलावलं आणि ते तिकडं जेवत असताना इकडं तंबूत त्याची बायको आणि बाकीची सहा पोरं संपवली. कॉर्नेलिझनं स्वतःच्या हातानं कुणाला मारल्याची नोंद नाही, एका तान्ह्या पोराला विष द्यायचा प्रयत्न केला तो पण नीट जमला नाही, शेवटी दुसऱ्यांनी गळा दाबला. पेल्सर्टच्या पेट्या फोडून लाल कपडे, जरीच्या पट्ट्या लावून हा फिरायचा. स्वतःला कॅप्टन-जनरल म्हणवून घ्यायचा. आणि सगळ्यांकडून शपथेच्या कागदावर सह्या घ्यायचा. सह्या! त्या ओसाड बेटावर, जिथं प्यायला पाणी नाही तिथं कागद, शाई आणि सह्या. हे वाचताना मला कायम वाटतं की असल्या माणसाला भीती उपाशी लोकांची नसते, सही न करणाऱ्याची असते.

मारायचं कारण त्याच्या सोबत्यांनी नंतर जबानीत सांगितलंय, लोक कमी करायचे म्हणजे सोडवायला जहाज आलं की आपल्या माणसांच्या जोरावर तेच ताब्यात घेता येईल. म्हणजे पोटाचा प्रश्न नव्हता, बहुमताचा होता.

जाता जाता, त्याच जुलै महिन्यात इकडं दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात लखुजीराव जाधवांना मुलांसकट दगा देऊन मारलं. जिजाऊसाहेबांचं माहेर उजाडलं, आणि पुढं सहा-सात महिन्यांनी शिवनेरीवर शिवराय जन्मले. आपलं मिरज तेव्हा आदिलशाहीत. आमच्यासारख्याला १६२९ म्हटलं की हे आठवतं. दोन्हीचा संबंध काही नाही, पण दगा करायला ओसाड बेटच लागतं असं नाही, गालिचे घातलेला दरबार पण चालतो, आणि तिथं तर कुणी उपाशी नव्हतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय तो माणूस. विब हेयस. तुमच्या अख्ख्या लेखात ह्याच्यावर अडीच ओळी, आणि फोटो सगळे सांगाड्यांचे. हेयसच्या लोकांना त्या मोठ्या बेटावर जवळजवळ तीन आठवडे शोधल्यावर गोड पाणी सापडलं, विहिरीसारख्या खड्ड्यात. वर वॉलबी म्हणजे छोटे कांगारू, पक्षी, अंडी. ठरल्याप्रमाणं धूर केला. कुणी आलं नाही. परत केला. मग हळूहळू तिकडनं पळालेले लोक फळ्यांवरनं, पोहत, इकडं येऊन धडकायला लागले आणि त्यांनी सांगितलं तिथं काय चाललंय ते. आता ह्या माणसाकडं काय होतं? हत्यार नाही, मोठी होडी नाही, हुद्दा तर अजिबात नाही, शिपाई गडी. त्याच्याबरोबरच्या लोकांत त्याच्यापेक्षा वरच्या हुद्द्याचे कॅडेट होते, आणि ते त्याचं ऐकत होते. का ऐकत होते तर पाणी त्यानं शोधलं, वाटप सरळ केलं, एवढंच. वाहून आलेल्या लाकडाला लांब खिळे ठोकून भाले केले, पिंपांच्या लोखंडी पट्ट्यांची हत्यारं केली, दगड जमा केले, किनाऱ्यावर पाळत ठेवली. सपाट दगड रचून भिंती बांधल्या. वाढत वाढत पंचेचाळीस-पन्नास माणसं झाली. तेच जहाज, तीच कंपनी, तेच सैनिक, तोच जून आणि जुलै, आणि ह्या बेटावर एकानं दुसऱ्याला मारलं नाही. मग आता सांगा, भूक कुठं गेली?

दोनदा हल्ला झाला, दोन्हीवेळा चिखलातनं चालत येणाऱ्यांना ह्यांनी परत पाठवलं. मग २ सप्टेंबरला कॉर्नेलिझ स्वतः तहाचं बोलणं करायला आला, कपडे देतो, आमची छोटी होडी परत द्या. त्याचा डाव होता हेयसच्या माणसांना पैशाचं आमिष दाखवून फोडायचा. ते फुटले नाहीत. उलट हेयसनं त्यालाच पकडला, त्याचे खास चार साथीदार तिथंच मारले, आणि कॅप्टन-जनरल साहेबांना चुनखडीच्या खड्ड्यात टाकून पक्ष्यांची पिसं उपटायला बसवलं. हे वाचून मला दरवेळी हसू येतं, माफ करा.

तिकडं राहिलेल्यांनी लगेच वाउटर लोस नावाच्या दुसऱ्या सैनिकाला म्होरक्या केलं, परत नवीन कागद, परत सह्या. १७ सप्टेंबरला ते बंदुका घेऊन आले, आणि भाल्यांसमोर बंदूक म्हटल्यावर हेयसची माणसं पडायला लागली. त्याच वेळी समुद्रात शीड दिसलं. पेल्सर्ट सारदाम नावाचं जहाज घेऊन परत आलेला, ६३ दिवस ही बेटं शोधत. आता शर्यत लागली की जहाजापर्यंत आधी कोण पोचतो, हेयस का खुनी. हेयस आधी पोचला आणि पेल्सर्टला सावध केलं. सिनेमावाल्यांना अजून कसं सुचलं नाही कळत नाही.

खटला तिथंच बेटांवर चालला. नाकातोंडात पाणी घालून छळ करून कबुलीजबाब घेतले, आणि आपल्याला आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं ह्या जबान्यांतनं आणि पेल्सर्टनं स्वतः लिहिलेल्या रोजनिशीतनं आलंय. म्हणून मी पेल्सर्टवर जरा डोळा ठेवून वाचतो. लोकांना टाकून गेलेला हाच, लिहिणारा हाच, न्याय करणारा पण हाच. त्यात कॉर्नेलिझ जितका राक्षस दिसेल तितकं ह्याचं स्वतःचं झाकलं जातं. २ ऑक्टोबरला कॉर्नेलिझचे दोन्ही हात तोडून फाशी दिली, त्याच्यासोबत आणखी सहा जण. वाउटर लोस आणि एक तरणा पोरगा ह्या दोघांना ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सोडून दिलं, त्या खंडावर राहिलेले पहिले युरोपियन म्हणून त्यांचं नाव घेतात, काय नशीब. आणि कंपनीचा हिशोब बघा, जहाजातली चांदी काढायला पाणबुडे लावले, १२ पैकी १० पेट्या काढल्या, आणि एवढं सगळं झाल्यावर सुद्धा खडकावर अडकलेलं व्हिनेगरचं एक पिंप आणायला होडी पाठवली ती पाच माणसांसकट गेली, परत आलीच नाही. निघताना ३४० च्या आसपास असलेल्या माणसांपैकी जावाला जिवंत पोचली ती एकशे वीस-पंचवीस. पेल्सर्ट वर्षाच्या आत मेला. हेयसला बढती मिळाली, हे एक कंपनीनं बरं केलं.

१९६३ मध्ये जहाजाचे अवशेष सापडले, लाकडी सांगाड्याचा एक मोठा भाग वर काढून फ्रीमँटलच्या म्युझियममध्ये ठेवलाय, आणि ते दरवाजाचे दगड जेराल्डटनला रचून उभे केलेत. दरवाजा बटावियाला कधी पोचलाच नाही. पण हेयसच्या लोकांनी रचलेल्या त्या दगडी भिंती अजून त्या बेटावर आहेत, युरोपियन लोकांनी ऑस्ट्रेलियात बांधलेलं सगळ्यात जुनं बांधकाम तेच. फोटो छापायचाच होता तर तो छापायला पाहिजे होता.

आता तुम्ही म्हणाल ह्याचा आणि सांगलीचा काय संबंध. आपल्याला बेट बघायला ऑस्ट्रेलियाला जावं लागत नाही. २००५ ला बघितलं, २०१९ ला बघितलं, २०२१ ला परत. कृष्णा आणि वारणा फुगली की आमची गावं बेटंच होतात, सगळे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी किती फूट झाली तेवढंच बघत बसतात आणि गावात एक बोट असली तर असली. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला काय झालं ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, बोटीत माणसं जास्त झाली आणि बोट उलटली, गावातलीच माणसं, गावाच्या शिवारात गेली. आमच्या गावात त्याच पुरात, नाव घेत नाही कुणाचं, बोटीचं इंजिन एका घरी, शाळेच्या हॉलमध्ये आलेल्या मदतीच्या किटची चावी त्याच घरी, आणि आधी कुणाला बाहेर काढायचं त्याची यादी पण त्याच घरात बसून झालेली. कुणी कुणाला मारलं नाही, बटावियाशी तुलना करायचा माझा हेतू नाही. पण मागच्या गल्लीतल्या लोकांना बोट तिसऱ्या दिवशी दिसली. शेवटी बचत गटाच्या चार बायकांनी भांडून किटची चावी काढून घेतली, वही घातली, घरटी सही घेऊन वाटप केलं आणि दुसऱ्या दिवशी आरडाओरडा बंद झाला. अन्न तेवढंच होतं. एक किट वाढलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, संकटात माणूस असा होतो आन् तसा होतो हे लिहायचं बंद करा. त्यातनं कुणाला काही कळत नाही, उलट ज्यांनी चावी दाबून ठेवली त्यांना आयता बहाणा मिळतो, की काय करणार साहेब, पब्लिक पिसाळली होती. पब्लिक पिसाळत नाही. होडी कुणाकडं, पाणी कुणाकडं, हत्यार कुणाकडं आणि त्याला नाही म्हणायचा अधिकार कुणाला, हे आधी बघायला पाहिजे. कॉर्नेलिझला वेडा, सैतान काय म्हणायचं ते म्हणा, तो होताच, पण ह्या चारही गोष्टी एका हातात गेल्या नसत्या तर तो बेटावरचा एक बडबड्या औषधवाला राहिला असता.

माझी एक विनंती आहे. आपदा मित्र म्हणून पोरांना ट्रेनिंग देतात ते चांगलं आहे, पोरं मेहनती आहेत, पण त्यांना बोट चालवायला शिकवतात, बोट कुणाच्या ताब्यात ठेवायची हे गावानं ठरवायला लागतं आणि ते कुठंच ठरलेलं नसतं. पूर यायच्या आधी, मे महिन्यात, तुमचे वार्ताहर नदीकाठच्या गावांत पाठवा. पलूस, वाळवा, मिरज, शिराळा, सगळीकडं. गावात बोट आहे का, ती पाण्यात घालून शेवटची कधी बघितली, इंजिन कुठं आहे, लाइफ जॅकेट किती आणि त्यातली किती कुणाच्या माळ्यावर आहेत, मदतीच्या गोदामाची चावी कुणाकडं आणि दुसरी चावी कुणाकडं, पहिल्या फेरीत कोण जाणार हे कुठं लिहिलेलं आहे का. गावनिहाय छापा. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागत नसेल तर पेपरात लागू दे. आमच्या गावापासून सुरुवात केली तरी चालेल, वार्ताहर आला तर मी स्वतः सगळ्या घरी घेऊन जातो, चहा माझ्याकडं.

आपला,
एक निवृत्त सचिव, विकास सोसायटी,
पलूस तालुका, जि. सांगली